राणा प्लाझा: तडा आदल्या दिवशीच दिसला होता

काचपट्टी

तडा गेलेल्या खांबावर आम्ही एक साधी गोष्ट करतो. तड्यावर आडवी काचेची पट्टी प्लास्टरमध्ये बसवायची आणि शेजारी तारीख लिहून ठेवायची. काही दिवसांनी काच फुटलेली दिसली की समजायचं, तडा अजून चालू आहे. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, गेली वीस वर्षं मी जुन्या इमारतींचे अहवाल देते आहे. त्यामुळे राणा प्लाझाबद्दल वाचताना माझं डोकं आधी खांबाकडे जातं आणि मग कंपन्यांकडे. हा धागा दोन्हींबद्दल आहे.

ढाक्याजवळच्या सावारमध्ये २३ एप्रिल २०१३ ला, मंगळवारी, या आठमजली इमारतीत तडे दिसले. एका अभियंत्याने पाहणी करून इमारत रिकामी करायला सांगितली. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं बंद झाली. दुसऱ्या दिवशीही ती उघडली नाहीत. वरच्या मजल्यांवर पाच कपड्यांचे कारखाने होते. तिथल्या कामगारांना मात्र बुधवारी सकाळी आत जायला लावलं. नाही गेलात तर पगार कापू, अशी धमकी होती. महिनाअखेर जवळ आलेली आणि घरभाडं द्यायचं असलेलं माणूस अशा वेळी काय करणार? नऊच्या सुमाराला वीज गेली, वरच्या मजल्यांवरचे जनरेटर सुरू झाले आणि इमारत बसली. १,१३४ माणसं मेली, सुमारे अडीच हजार जखमी झाली. मेलेल्यांत बहुतेक बायका, त्यातल्या कितीतरी विशीच्या आतबाहेरच्या.

इंजिनिअर म्हणून सांगते, यात गूढ काहीच नाही. जागा तळं बुजवून केलेली. परवानगी ढाक्याच्या विकास प्राधिकरणाची नाही, स्थानिक नगरपालिकेची, आणि तीही कमी मजल्यांची. वर बेकायदा मजले चढवले, नववा चढत होता. आराखडा दुकानं आणि ऑफिसांचा होता. त्यात शिलाई मशिनींच्या रांगा, कापडाचे गठ्ठे, दाटीवाटीने बसलेली माणसं आणि वर अवजड जनरेटर. दुकानाच्या हिशेबाने टाकलेला स्लॅब कारखान्याचं ओझं आणि जनरेटरची थरथर किती दिवस सोसेल, एवढाच प्रश्न होता.

आता दुसरा भाग. या इमारतीत शिवलेले कपडे युरोप-अमेरिकेत जात होते. प्रायमार्क, बेनेटन, मँगो, कॅनडाच्या लॉब्लॉ कंपनीचा जो फ्रेश, अशी नावं ढिगाऱ्यातल्या लेबलांवरून आणि ऑर्डरच्या कागदांवरून पुढे आली. यातल्या दोन कारखान्यांचं ‘सामाजिक ऑडिट’ आधी झालेलं होतं. म्हणजे बाहेरची माणसं येऊन, पाहून, कागद भरून गेली होती. दुर्घटनेनंतर सांगण्यात आलं की इमारतीचा सांगाडा त्या तपासणीच्या कक्षेतच येत नाही. मी हे वाक्य तीनदा वाचलं. प्रथमोपचाराची पेटी तपासायची, हजेरीपट तपासायचा आणि ज्या खांबांवर तीन हजार माणसं उभी आहेत ते पाहायचे नाहीत.

नुकसानभरपाईचंही तसंच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या देखरेखीखाली एक निधी उभा केला, पण पैसे द्यायचे की नाही ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर. ३ कोटी डॉलर जमायला जून २०१५ उजाडला. बेनेटनने आपला वाटा दिला तो एप्रिल २०१५ मध्ये, लाखो लोकांनी सह्या केल्यावर.

आणि तरीही याच दुर्घटनेतून एक गोष्ट अशी निघाली जी चालली. मे २०१३ मधला ‘अकॉर्ड’, म्हणजे आग आणि इमारत सुरक्षेचा करार. दोनशेहून जास्त ब्रँड एका बाजूला, जागतिक आणि बांगलादेशी कामगार संघटना दुसऱ्या बाजूला. तपासणी करणारे इंजिनिअर कारखान्याच्या पगारावरचे नाहीत. अहवाल जाहीर. दुरुस्तीला पैसा उभा राहील हे पाहायची जबाबदारी ब्रँडची. धोका दिसला तर कामाला नकार देण्याचा हक्क. आणि ब्रँडने शब्द पाळला नाही तर लवाद, ज्याचा निर्णय बंधनकारक. पहिल्या सुमारे ११०० कारखान्यांच्या तपासणीत ८० हजारांवर दोष सापडले. यातल्या कित्येक कारखान्यांकडे ऑडिटची सर्टिफिकेटं आधीपासून होती.

माझं म्हणणं असं: कंपनीच्या ‘आचारसंहिते’ला माझ्या लेखी काडीचं मोल नाही. जो कागद घेऊन कामगार कंपनीला लवादापुढे किंवा कोर्टात उभं करू शकतो, तोच खरा. बाकी भिंतीवर लावायला. तुमचे अनुभव, मतभेद, सगळं लिहा.

पाटीखडू

वाचतोय. एक शंका. अकॉर्डमध्ये लवाद आहे म्हणता, पण तो कोणी वापरला का? की नुसतीच तरतूद?

काचपट्टी

@पाटीखडू, वापरला. २०१६ मध्ये दोन जागतिक कामगार महासंघांनी दोन ब्रँडविरुद्ध हेगच्या स्थायी लवाद न्यायालयात दावे नेले. दोष सापडले होते, पण दुरुस्ती मुदतीत झाली नव्हती आणि पैशाची सोयही केलेली नव्हती. दोन्ही प्रकरणं तडजोडीत मिटली. त्यातल्या एका ब्रँडने २३ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं, बहुतेक रक्कम कारखान्यांच्या दुरुस्तीसाठी. एखाद्या ब्रँडला शिलाई कारखान्याच्या दुरुस्तीसाठी हेगपर्यंत खेचता येतं, हे मला तरी तोवर माहीत नव्हतं.

चेकिंगटेबल

मी अकरा वर्षं मर्चंडायझर होतो, म्हणजे परदेशी ब्रँडची ऑर्डर कारखान्याकडून करून घेणारा. मुंबईतलं बायिंग ऑफिस, कारखाने दक्षिणेत आणि काही आपल्याच राज्यात. कोणाचंही नाव घेणार नाही.

ऑडिटची तारीख आधी कळायची. ‘अघोषित’ असलं तरी आठवडा ठरलेला असायचा. त्या आठवड्यात काय व्हायचं ते सांगतो. जिन्यातले कार्टन उचलून गोडाऊनमध्ये जायचे. मागचं कुलूप लावलेलं दार उघडं व्हायचं, वर ‘आपत्कालीन मार्ग’ची पाटी यायची. हेल्परमधल्या लहान दिसणाऱ्या पोरींना दोन दिवस सुटी. हजेरीची दोन रजिस्टरं असायची, एक खरं आणि एक ऑडिटचं. ऑडिटच्या रजिस्टरमध्ये ओव्हरटाइम दिवसाला दोन तासांच्या वर कधी गेलाच नाही. लाइनवरच्या बायकांना उत्तरं पाठ करून घ्यायचे: पगार किती, सुटी कधी, संडासला जाऊ देतात का. ऑडिटर बोलायला बसायचा ती खोली पर्सोनेल मॅनेजरच्या केबिनला लागून, मध्ये काच.

आणि हे सगळं मला माहीत होतं. माझ्या साहेबाला माहीत होतं. बायरच्या, म्हणजे माल घेणाऱ्या ब्रँडच्या, माणसालाही माहीत असणार, कारण तो मूर्ख नव्हता.

पण मला जास्त बोचतं ते वेगळंच. ज्या आठवड्यात बायरचा कंप्लायन्स (नियमपालन) विभाग ‘कामाचे तास कमी करा’ म्हणून मेल पाठवायचा, त्याच आठवड्यात त्याच बायरचा खरेदी विभाग मला सांगायचा, की पीसमागे इतके सेंट कमी कर आणि शिपमेंट दहा दिवस आधी दे. मग रंग बदलायचा, सॅम्पल तीनदा परत यायचं, पण शिपमेंटची तारीख मात्र हलायची नाही. उशीर झाला तर माल विमानाने पाठवायचा, भाडं कारखान्याच्या माथी. असं झालं की कारखानदार दोनच गोष्टी करतो. रात्रपाळी लावतो, नाहीतर माल गुपचूप बाहेर सबकॉन्ट्रॅक्टला देतो, जिथे कुठलाच ऑडिटर कधी जात नाही.

कारखानदाराला मी सोडून देत नाही. राणा प्लाझात त्या सकाळी माणसांना आत ढकलणारे स्थानिकच होते. पण शिपमेंटची तारीख त्यांच्या मानेवर कोणी ठेवली होती, तेही विचारलं पाहिजे.

कोविडमध्ये हे सगळ्या जगाने पाहिलं. मार्च-एप्रिल २०२० मध्ये ब्रँडनी ऑर्डरी रद्द केल्या किंवा थांबवल्या, कापलेल्या आणि शिवून तयार असलेल्या मालाच्या सुद्धा. बांगलादेशच्या कारखानदार संघटनेचा आकडा तीन अब्ज डॉलरच्या पुढचा होता. कापड कारखान्याने विकत घेतलेलं, मजुरी कारखान्याने दिलेली, आणि ब्रँड माल जहाजावर चढल्यावर पैसे देणार. सगळी जोखीम खालच्याच्या अंगावर.

काचपट्टी

@चेकिंगटेबल, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. काचेची खोली डोळ्यांपुढून जात नाहीये.

बंदरवाट

थोडं वेगळं मत मांडतो, रागावू नका. मी न्हावा-शेवाला शिपिंगमध्ये आहे, रोज कंटेनर पाहतो.

बांगलादेशची ऐंशी टक्क्यांहून जास्त निर्यात कपड्यांची आहे. सुमारे ४० लाख माणसं त्यात काम करतात, बहुसंख्य बायका. या मुली गावी राहिल्या असत्या तर काय होतं? लवकर लग्न आणि दुसऱ्याच्या शेतात मजुरी. कारखान्याने त्यांच्या हातात स्वतःचा पगार दिला. आपण पुण्या-मुंबईत बसून कडक नियम मागतो, पण खर्च वाढला की बायर दुसऱ्या देशात जातो. तो गेला की त्या मुलीला ना सुरक्षित कारखाना मिळतो ना असुरक्षित. भिवंडीचे लूम बंद पडताना मी पाहिलेत. रिकाम्या शेडसारखी दुसरी वाईट गोष्ट नाही. कंपन्यांना झोडपणं सोपं आहे, त्या गेल्यावर चूल कशी पेटणार ते कोणी सांगत नाही.

गिरणगाव_तिसरीपिढी

बंदरवाट, चूल म्हणालात म्हणून लिहिते. आमची १९८२ ला विझली.

आजोबा साचे खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, आणि आजोबा परत कधीच साच्यावर उभे राहिले नाहीत. आजीने खानावळ चालवली, बाबांनी नववीत शाळा सोडली. त्यामुळे काम जाणं म्हणजे काय ते पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

पण त्याच घरात मी हेही ऐकलं आहे, की गिरणीत मशीन धोक्याचं वाटलं तर जॉबरशी (खात्यातल्या मुकादमाशी) भांडता यायचं, कारण मागे माणसं उभी असायची. कायद्याने मान्यता एकाच संघटनेला आणि कामगारांचा विश्वास भलतीकडे, हे आमचं दुखणं होतं आणि संपाच्या मुळाशीही ते होतं. तरी संघटना हा शब्द उच्चारायची चोरी नव्हती. राणा प्लाझातल्या पाचही कारखान्यांत एकही युनियन नव्हती. बुधवारी सकाळी इमारतीबाहेर उभ्या असलेल्या त्या बायकांना तडा दिसत होता. त्यांना इंजिनिअरची गरज नव्हती. ‘आम्ही आत जाणार नाही’ हे एकत्र म्हणायची सोय हवी होती, ती नव्हती.

काचपट्टीताई, तुमच्या लेखात तपासणीवर भर आहे. माझ्या मते करारातली सगळ्यात मोठी गोष्ट नकाराचा हक्क ही आहे. कागदावर सही कोणाची, हेही पाहा. अकॉर्डवर कामगार संघटनांची सही होती. अमेरिकेच्या वॉलमार्ट, गॅप वगैरेंनी त्याच वेळी वेगळी ‘अलायन्स’ काढली. त्यांनाही तपासण्या करायच्या होत्या, पण कामगारांना बरोबरीने सही करू द्यायची नव्हती.

काचपट्टी

गिरणगाव, मान्य. माझा व्यवसायच तपासणीचा, म्हणून माझी नजर तिकडे गेली. तुमचं बरोबर आहे. तडा सगळ्यांना दिसला होता.

बंदरवाट, तुमच्या काळजीची मी थट्टा करणार नाही. पण एक आकडा पाहा. अकॉर्ड झाला त्या २०१२-१३ सालात बांगलादेशची कपड्यांची निर्यात सुमारे साडेएकवीस अब्ज डॉलर होती. तेव्हाही म्हटलं गेलं की बायर पळतील. अकॉर्डची पाच-सहा वर्षं झाल्यावर, २०१८-१९ मध्ये, ती ३४ अब्जांच्या पुढे गेली. दारं रुंद केली, कुलपं काढली, खांबांना बाहेरून जॅकेटिंग करून मजबुती दिली, आणि धंदा वाढला.

चेकिंगटेबल

आणि बायर ‘दुसऱ्या देशात’ जातो म्हणजे कुठे, तेही बघू. इथिओपियात हवासाला मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली, नावाजलेले ब्रँड तिथे गेले. २०१९ मध्ये तिथे सुरुवातीचा मूळ पगार महिन्याला २६ डॉलर होता. खासगी क्षेत्राला किमान वेतनाचा कायदाच नाही. सगळे देश एकमेकांच्या खाली वाकत राहिले तर खाली जागा भरपूर आहे. म्हणून तर बंधन विकत घेणाऱ्यावर हवं, तो जिथे जाईल तिथे त्याच्याबरोबर जाणारं. आता पाकिस्तानसाठीही अकॉर्ड झाला आहे.

कोर्टपायरी

वकील आहे, कामगार न्यायालयात जातो. जबाबदारी कोर्टात कशी निसटते त्याबद्दल लिहितो. थोडं लांबेल.

सुरुवात भोपाळपासूनच करावी लागते. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला. भारत सरकार अमेरिकेच्या कोर्टात गेलं आणि म्हणालं, खटला इथेच चालवा, आमची न्यायव्यवस्था एवढं पेलू शकत नाही. कंपनी म्हणाली, नाही, भारताची न्यायालयं उत्तम आहेत. ज्या देशात माणसं मेली तिथलं सरकार स्वतःच्या कोर्टाला कमी लेखतंय आणि कंपनी त्याच कोर्टाची स्तुती करतेय! १९८६ मध्ये अमेरिकी न्यायाधीशांनी खटला भारतात पाठवला. १९८९ मध्ये तडजोड झाली, ४७ कोटी डॉलर, मागणी ३ अब्जांच्या पुढची असताना. फौजदारी निकाल आला २०१० मध्ये: सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन-दोन वर्षं, आणि लगेच जामीन. मूळ कंपनीचा अमेरिकी अध्यक्ष भारतीय कोर्टापुढे खटल्याला कधी उभा राहिलाच नाही.

कराचीचं प्रकरण. ११ सप्टेंबर २०१२, बाल्दिया टाऊन, अली एंटरप्रायझेस. आगीत अडीचशेहून अधिक कामगार मेले. खिडक्यांना गज आणि बाहेर पडायच्या वाटा बंद. जेमतेम काही आठवडे आधी या कारखान्याला एसए ८००० हे, कामगारांना नीट वागवलं जातं असं सांगणारं, सर्टिफिकेट मिळालेलं, एका इटालियन कंपनीकडून. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक जर्मनीची किक ही स्वस्त कपड्यांची साखळी. चौघांनी, एक वाचलेला कामगार आणि तिघे मृतांचे नातेवाईक, डॉर्टमुंडच्या कोर्टात दावा लावला. कोर्टाने तो ऐकायचं कबूल केलं, खर्चालाही मदत दिली. आणि जानेवारी २०१९ मध्ये काय म्हटलं? पाकिस्तानी कायद्यानुसार मुदत टळली. संपलं. पुढे २०२० मध्ये कराचीच्या कोर्टाने ठरवलं की आग खंडणीसाठी मुद्दाम लावली होती, आणि दोघांना फाशी सुनावली. किकचं म्हणणंही तेच होतं, की हा घातपात आहे. काडी कोणीही ओढलेली असो, माणसं मेली ती गजांमुळे. आणि गज सर्टिफिकेट देतानाही तिथेच होते.

राणा प्लाझाचं असंच. कॅनडात लॉब्लॉविरुद्ध सामूहिक दावा झाला. तिथल्या कोर्टाने बांगलादेशचा कायदा लावला आणि म्हटलं, पुरवठादाराच्या इमारतीवर कंपनीचं नियंत्रण नव्हतं, म्हणून कर्तव्यही नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायलाच नकार दिला.

यातला सापळा बघा. कंपनी जितकी लांब उभी राहते तितकी सुरक्षित. कारखाना स्वतःचा असेल तर जबाबदार; कंत्राट देऊन बाजूला झाली की हात वर. मग कोण स्वतःचा कारखाना ठेवेल?

एक दार मात्र किलकिलं झालं आहे, आणि त्यात आपल्याकडची एक कंपनी अडकली. गोव्यातल्या मंडळींना सेसा गोवा आठवत असेल, २००७ मध्ये ती वेदांताने घेतली. त्याच वेदांताची झांबियात चिंगोलाजवळ तांब्याची खाण. तिचं दूषित पाणी नदीत आलं म्हणून १,८२६ गावकऱ्यांनी लंडनमध्ये दावा लावला. कंपनीचं म्हणणं, खाण आमच्या उपकंपनीची, झांबियात जा. १० एप्रिल २०१९ ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खटला इथे चालू शकतो. कारण मूळ कंपनीने स्वतःच आपल्या अहवालांत लिहिलं होतं की सगळ्या खाणींच्या पर्यावरण मानकांवर आमची देखरेख आहे. जाहिरातीसाठी लिहिलेलं वाक्य अंगाशी आलं. २०२१ मध्ये तडजोड झाली. दावा प्रदूषणाचा, कामगारांचा नव्हे, पण तत्त्व दोन्हीकडे तेच लागतं. आणि हेही दिसलं की ‘बहुराष्ट्रीय’ म्हणजे गोरीच कंपनी असं काही नाही.

पाटीखडू

कोर्टपायरी, आता वेगळी शंका. राणा प्लाझाच्या मालकाचं काय झालं?

कोर्टपायरी

सोहेल राणा चार दिवसांनी बेनापोलजवळ, आपल्या हद्दीच्या तोंडाशी पकडला गेला. २०१५ मध्ये ४१ जणांवर आरोपपत्र, २०१६ मध्ये आरोप निश्चित. २०१७ मध्ये त्याला तीन वर्षं शिक्षा झाली, ती मालमत्तेचा तपशील न दिल्याबद्दल. दुर्घटनेला दहा वर्षं झाली तरी खुनाच्या खटल्याचा निकाल लागलेला नव्हता.

ऱ्हाईनकाठ

मी जर्मनीत राहते. डॉर्टमुंडच्या निकालानंतर इथे खूप चर्चा झाली. त्याआधी फ्रान्सने २०१७ मध्ये दक्षता कर्तव्याचा कायदा केला होता, राणा प्लाझाचं नाव घेऊन. जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा २०२१ मध्ये मंजूर झाला आणि १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. आधी तीन हजारांवर कर्मचारी असलेल्या कंपन्यांना, वर्षभराने एक हजारांवरच्या. परदेशातला कामगारसुद्धा इथल्या सरकारी कार्यालयाकडे तक्रार करू शकतो. दंड आहे. पण या कायद्याने पीडिताला नुकसानभरपाई मागण्याचा नवा हक्क दिलेला नाही, तो मुद्दाम वगळला. युरोपीय संघाचा व्यापक कायदा २०२४ मध्ये झाला, आणि २०२५ मध्ये अंमलबजावणी वर्षभर पुढे ढकलून तो सौम्य करायला सुरुवातही झाली. कारण दिलं गेलं कागदपत्रांच्या ओझ्याचं. मला खरंच राग येतो.

माजलगावकडची

दोन दिवस वाचतेय. लिहू की नको करत होते.

तुम्ही सगळे कपड्यांबद्दल लिहिताय. मी उसाबद्दल लिहिते. माझे आई-बाप ऊसतोडीला जायचे, चुलते अजून जातात. दसऱ्या-दिवाळीनंतर टोळी निघते ती पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत. मी पाचवीपर्यंत अर्धी शाळा गावात आणि अर्धी फडाजवळच्या कोपीत (झोपडीत) काढली. शाळा म्हणजे काय, धाकट्याला सांभाळणं.

नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा, उचल (आगाऊ रक्कम) देतो, लाखाच्या पुढे. ती हंगामात फेडायची. फिटली नाही तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे. आजारी पडलं, पाळी आली, बाळंतपण झालं, खाडा पडला की पैसे कापणार. पहाटे फडात शिरायचं, मोळ्या बांधून डोक्यावर गाडीत चढवायच्या. आडोसा नाही, पाणी नाही. म्हणून बाया गर्भाची पिशवी काढून टाकतात. डॉक्टरही कर्करोगाची भीती घालतात. २०१९ मध्ये सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. देशात सरासरी शंभरात तीनच्या आसपास. माझी आई त्या आकड्यात नाही, कारण तिची त्याआधी बऱ्याच वर्षांपूर्वी काढली. तेव्हा ती तिशीचीही नव्हती.

आता कंपन्यांचं. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट यांनी शोध घेऊन छापलं की महाराष्ट्रातली ही साखर कोका-कोला आणि पेप्सीच्या पुरवठ्यात जाते. तोवर आम्ही मुकादमाला शिव्या घालायचो, फार तर कारखान्याला. त्याच्याही वर कोणी आहे हे मला माहीतच नव्हतं.

चेकिंगटेबल यांनी लिहिलं की कारखाना माल सबकॉन्ट्रॅक्टला देतो. आमच्याकडे तर कारखाना म्हणतो, ही आमची माणसंच नाहीत. मुकादमाची आहेत. आणि मुकादम म्हणतो, मी पण तुमच्यातलाच. ते खोटं नाही, माझा मामाच मुकादम होता.

गिरणगाव_तिसरीपिढी

ताई, लिहिलंस ते फार बरं केलंस.

बंदरवाट

माजलगावकडची, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. साखरेचे कंटेनर माझ्याच यार्डातून जातात.

माझी काळजी अजून आहे. काम गेलं तर तुमच्या चुलत्यांचं काय, हा प्रश्न मला पडतोच. पण मी ‘कंपनी जाईल’ म्हणालो होतो, ते इथे लागत नाही. ऊस दुसऱ्या देशात उचलून नेता येत नाही. तो बीड-कोल्हापूरकडचाच माणूस तोडणार. मग उचल, खाडा, पिशवी हे सगळं कशासाठी चालू आहे याचं मला उत्तर देता येत नाही. माझं आधीचं मत मी इतक्या खात्रीने लिहायला नको होतं.

कोर्टपायरी

कायद्याच्या दृष्टीने माजलगावकडची यांनी नेमकी गाठ सांगितली आहे. कंत्राटी कामगार कायदा १९७० चा, आंतरराज्य स्थलांतरितांचा १९७९ चा; नोव्हेंबर २०२५ मध्ये दोन्हींची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. बीडहून कोल्हापूरला जाणारा राज्यातच फिरतो, म्हणून दुसरा लागत नव्हता; कर्नाटकात गेला तर कागदावर लागायचा. वेठबिगारीविरोधी कायदा १९७६ चा. उचल फेडायला काम करणं त्यात बसू शकतं, पण तक्रार कोणी करायची? ज्याने पुढच्या वर्षीही उचल घ्यायची आहे, तो?

चेकिंगटेबल

कोणी काय करू शकतं असं विचारणार असेल तर एकच अनुभवाची गोष्ट. अकॉर्डवर सही केलेल्या ब्रँडची यादी जाहीर असते, कारखान्यांचे दुरुस्ती अहवालही. कपडे कंपनी तुमच्या ऑफिसला टी-शर्ट पुरवत असेल तर टेंडरमध्ये एक ओळ घाला: माल कुठल्या कारखान्यात शिवला त्याचं नाव-पत्ता द्या. आम्ही त्या एका ओळीला जितके घाबरायचो तितके कुठल्याही ऑडिटला घाबरलो नाही.

दुसरं, इमारत मजबूत झाली म्हणजे पोट भरलं असं नाही. डिसेंबर २०२३ पासून बांगलादेशात किमान वेतन महिना १२,५०० टका झालं. कामगारांची मागणी २३ हजारांची होती. मागणी करताना रस्त्यावर गोळीबारात माणसं मेली. अकॉर्ड पगाराबद्दल काहीच बोलत नाही.

काचपट्टी

हो, तो अकॉर्डचा मोठा अपुरेपणा आहे. मी लेखात लिहायला हवा होता.

माजलगावकडची, एक विचारू? अकॉर्डमध्ये कामगाराला थेट तक्रारीचा नंबर मिळतो, सुपरवायझरला वगळून. नाव गुप्त राहतं आणि काय कारवाई झाली ते कळवतात. तुमच्या चुलत्यांच्या टोळीत कोणाकडे असा कुठला नंबर असतो का? कारखान्याचा, सरकारचा, कोणाचाही?

माजलगावकडची

काल चुलतीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, मुकादमाचा आहे, ट्रॅक्टरवाल्याचा आहे आणि दवाखान्याचा आहे.

उचलीचा कागद होतो का, तेही विचारलं. होतो. अंगठा घेतात. प्रत देत नाहीत. यंदा टोळी निघायच्या आधी मी गावी जाणार आहे आणि त्या कागदाचा फोटो मागणार आहे. कोर्टपायरी, मिळाला तर तुम्हाला व्यनि करते, वाचून सांगाल का?

कोर्टपायरी

सांगतो. नाव-गाव झाकून पाठवा.